मागच्या रांगेत कोण बसणार?

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या कुटुंबांसाठी परवडणाऱ्या सहा-सात सीटांच्या गाड्यांचा आढावा

मुंबईत जागेअभावी पांगलेली कुटुंबं कल्याणच्या पुढे पुन्हा एकत्र येतात. बदलापुरात दोन बेडरूमचा फ्लॅट झाला की गावाकडचे आईवडील राहायला येतात. अंबरनाथला दोघे भाऊ एकाच सोसायटीत शेजारी-शेजारी घर घेतात. उल्हासनगरच्या कॅम्पांमध्ये तीन पिढ्यांचं एकत्र घर आजही दिसतं. अशा घरांना पाच सीटांची गाडी फार दिवस पुरत नाही. टिटवाळ्याला निघायचं म्हटलं तरी कुणीतरी मागे राहतं, आणि ती बहुतेक वेळा आजी असते.

मग सात सीटांच्या गाडीचा विषय निघतो आणि बघता बघता भलतीकडे जातो. टचस्क्रीन केवढा, सनरूफ मिळतं का, अलॉय व्हील कोणत्या मॉडेलपासून, यात संध्याकाळ सरते. या लेखात मला एकच गोष्ट लावून धरायची आहे: कुटुंबाच्या गाडीची परीक्षा तिसऱ्या रांगेत बसून करावी. तिथे एसीची हवा पोचते का, पट्टा नीट लागतो का, गुडघे दुखणाऱ्या माणसाला तिथे चढता-उतरता येतं का, आणि सगळे बसल्यावर सामान कुठे जातं? या चार प्रश्नांना ज्या गाडीकडे चांगली उत्तरं आहेत ती सुसज्ज. बाकीचं सगळं त्यानंतर.

इथली गाडी चालते कधी?

बदलापूर ते सीएसएमटी हे रेल्वेचं अंतर सुमारे ६८ किलोमीटर. नोकरीवर जाणारा माणूस लोकलनेच जातो. त्यामुळे अंबरनाथ-बदलापुरातल्या बहुतेक घरांत गाडी सोमवार ते शुक्रवार बिल्डिंगखाली उभी असते. ती निघते दवाखान्यासाठी, पावसात मुलांच्या क्लाससाठी, रविवारी मुळगावच्या खंडोबाला किंवा बारवी धरणाकडे, लग्नसराईत, आणि गणपतीत, शिमग्याला, मे महिन्यात गावी जायला. महिन्याचं रनिंग चारशे-पाचशे किलोमीटरच्या पुढे क्वचित जातं.

उल्हासनगरचं गणित निराळं आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत जागा मिळाली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वस्तीचं उल्हासनगर झालं. जेमतेम १३ चौरस किलोमीटरच्या या शहरात २०११ च्या जनगणनेत पाच लाखांवर लोक मोजले गेले. फर्निचर, कापड, जीन्स या धंद्यांमुळे इथली गाडी रोज चालते. सकाळी त्यात गठ्ठे असतात, संध्याकाळी घरची माणसं. गल्ल्या अरुंद आणि दुकानासमोर गाडी लावायला जागा तेवढीच, जेवढी शेजारी देईल.

गावाकडचे रस्तेही ध्यानात घ्यायला हवेत. बदलापूरहून कोकणात जाणारे बरेच जण पनवेलची गर्दी टाळून कर्जत, खोपोली, पालीमार्गे वाकणला मुंबई-गोवा महामार्गाला लागतात. नगर-जुन्नरकडचे मुरबाडवरून माळशेज चढतात. सातारा-कोल्हापूरची मंडळी खोपोलीहून बोरघाटात जातात. म्हणजे सात माणसं, त्यांच्या बॅगा, चालू एसी आणि समोर घाट, अशी वेळ वर्षातून पाच-सहादाच येते. पण गाडी घेतलेली असते याच दिवसांसाठी.

आधीच्या गाड्यांनी काय शिकवलं?

अख्खं घर एका गाडीत बसवण्याची सवय आपल्याला जुनी आहे. आकुर्डीच्या बजाज टेम्पोची मॅटाडोर वऱ्हाडापासून शाळेपर्यंत सगळीकडे धावली. १९८४ मध्ये मारुतीची व्हॅन आली. तीच पुढे ओम्नी झाली आणि २०१९ पर्यंत निघत राहिली. टाटांची सुमो १९९४ मध्ये पुण्यात तयार होऊ लागली आणि तीही २०१९ मध्येच थांबली. २००० मध्ये क्वालिस, २००४ मध्ये तवेरा, २००५ मध्ये इनोव्हा आली. इनोव्हाने लांबच्या प्रवासाची अपेक्षाच बदलून टाकली. आरामाच्या बाबतीत आजही तुलना तिच्याशीच होते, पण नव्या इनोव्हाची किंमत मध्यमवर्गीय घराच्या हाताबाहेर गेली आहे.

मधल्या जागेत परवडणारी गाडी द्यायचा प्रयत्न अनेकांनी केला आणि बहुतेक टिकले नाहीत. शेवरोलेची एन्जॉय २०१३ मध्ये आली; २०१७ मध्ये कंपनीनेच भारतातली विक्री बंद केली. होंडाची मोबिलिओ २०१४ मध्ये येऊन तीन वर्षांत गेली. रेनॉची लॉजी २०१५ ते २०२०. डॅटसनची गो प्लस २०१५ मध्ये आली आणि २०२२ मध्ये ब्रँडसकट संपली. महिंद्राने २०१८ मध्ये नाशिकच्या कारखान्यातून मराझो काढली. ती चांगल्या बांधणीची, प्रशस्त गाडी होती, पण तिलाही गिऱ्हाईक कमी पडलं.

या यादीतून घ्यायचा धडा एवढाच की कुटुंब गाडी आठ-दहा वर्षं ठेवतं. तितके दिवस पार्ट मिळाले पाहिजेत, आणि कल्याण-अंबरनाथच्या नेहमीच्या मेकॅनिकला ती उघडता आली पाहिजे. मारुतीची अर्टिगा २०१२ पासून टिकून आहे याचं मोठं कारण हेच. २०२४-२५ या आर्थिक वर्षात तिची विक्री एक लाख नव्वद हजारांवर गेली आणि देशात सर्वाधिक खपाच्या पहिल्या पाच गाड्यांत ती बसली. एके काळी टॅक्सीवाल्यांची गाडी म्हणून नाकं मुरडली जायची त्या प्रकारच्या गाडीने हे करून दाखवलं.

चार मीटरची रेघ

गाडी परवडते की नाही, हे आज बऱ्याच अंशी तिच्या लांबीवर ठरतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर लागू झाले. चार मीटरच्या आतली आणि १२०० सीसीपर्यंतची पेट्रोल किंवा सीएनजी गाडी, तसंच चार मीटरच्या आतली १५०० सीसीपर्यंतची डिझेल गाडी १८ टक्क्यांत बसते. त्यापुढच्या पेट्रोल, सीएनजी, डिझेल गाड्यांना ४० टक्के. करापूर्वीची किंमत सहा लाख धरली तर आत बसणाऱ्या गाडीवर १ लाख ८ हजार कर लागतो आणि बाहेरच्या गाडीवर २ लाख ४० हजार. फरक १ लाख ३२ हजारांचा.

सहा-सात सीटांच्या बाबतीत ही रेघ फार बोलकी आहे. ट्रायबर (लांबी ३,९९० मिलिमीटर), ईको (३,६७५) आणि बोलेरो (३,९९५) रेघेच्या आत आहेत. अर्टिगा, तिचीच भावंडं असलेल्या एक्सएल६ आणि रुमियन, आणि किया कॅरेन्स बाहेर आहेत. म्हणजे तिसऱ्या रांगेत चार बोटं जास्त जागा हवी असेल तर सरकारला दुपटीहून जास्त दराने कर भरायचा. मोठं कुटुंब ही काही चैन नव्हे. सात सीटांच्या गाडीला नुसत्या लांबीवरून चैनीच्या गाडीच्या पंगतीत बसवणं मला न्याय्य वाटत नाही.

त्यावर महाराष्ट्राचा एकरकमी रोड टॅक्स. पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के आणि वीस लाखांपर्यंत १२ टक्के. डिझेलला याहून दोन टक्के जास्त. सीएनजीला कमी, पण २०२५ च्या अर्थसंकल्पात त्यातही एका टक्क्याची वाढ झाली. इन्शुरन्स मिळवून एक्स-शोरूम किमतीवर साधारण पंधरा-सोळा टक्के चढतात. जाहिरातीत आठ लाख असलेली पेट्रोल गाडी एमएच-०५ ची पाटी लागून दारात येईपर्यंत सव्वानऊ लाखांच्या आसपास जाते. बोलणी नेहमी ऑन-रोड किमतीवर करावीत. कोटेशन कागदावर घ्यावं आणि त्यात ‘हँडलिंग’ किंवा ‘ॲक्सेसरीज किट’ अशी ओळ दिसली तर ती कशाची, हे विचारावं.

एकेक गाडी

*ईको.* ‘ईको सात सीटर’ हे नाव तोंडी बसलं आहे, पण २०२५ च्या बदलात सात सीटांची मांडणी जाऊन सहा सीटांची आली आणि सहा एअरबॅग मिळू लागल्या. जीएसटी उतरल्यावर किंमत सव्वापाच लाखांच्या आसपास सुरू झाली. इंजिन ११९७ सीसीचं. सरकते दरवाजे आणि १,४७५ मिलिमीटरची रुंदी या दोन गोष्टींमुळे कॅम्पातल्या गल्लीत तिच्याइतकी सोयीची गाडी दुसरी नाही. शेजारी स्कूटर लावलेली असली तरी दार उघडतं. पण माझ्या चार प्रश्नांपुढे ती कमी पडते. मागे हवेची वेगळी सोय नाही आणि लांबच्या प्रवासात पाठ अवघडते. आणि सीएनजी हवा असेल तर पाच सीटांचीच ईको मिळते. धंद्याला पहिली आणि कुटुंबाला दुसरी, असं जिथे असेल तिथे ईको घ्यावी.

*ट्रायबर.* रेनॉने ऑगस्ट २०१९ मध्ये आणलेली ही गाडी चार मीटरच्या आत सात माणसं बसवण्याचं काम आज सगळ्यांत हुशारीने करते. तिसऱ्या रांगेच्या दोन्ही सीट सुट्या काढून घरी ठेवता येतात. सातही सीट लावल्या तर डिकी अवघी ८४ लिटरची, म्हणजे दोन-चार पिशव्यांपुरती. मागच्या सीट काढल्या की ६२५ लिटर. मधली रांग पुढे-मागे सरकते. दुसऱ्या आणि तिसऱ्या रांगेला हवेचे वेगळे झरोके आहेत, पण सगळ्या प्रकारांत नाहीत. जुलै २०२५ च्या नव्या रूपात सहा एअरबॅग सगळ्या प्रकारांत आल्या. जीएसटीनंतर किंमत पावणेसहा लाखांच्या जवळ सुरू झाली.

उणं एकच, पण मोठं: इंजिन ९९९ सीसीचं, तीन सिलिंडरचं, ७२ पीएस ताकदीचं. चार-पाच माणसांत ते पुरतं. सात माणसं घेऊन माळशेजला निघालात तर वळणावळणाला खालचा गिअर टाकावा लागेल, आणि ओव्हरटेकचा मोह आवरावा लागेल. डीलरकडे बसवून मिळणारं सीएनजी किट आहे. पण सिलिंडर मागच्या जागेत येतो, आणि ज्यासाठी ट्रायबर घ्यायची ती जागाच त्यात जाते.

*अर्टिगा.* चारही प्रश्नांना बऱ्यापैकी उत्तर देणारी आणि अजून आवाक्यातली गाडी हीच. १४६२ सीसीचं चार सिलिंडर इंजिन घाटात हाशहुश करत नाही. मधली रांग एका खटक्यात दुमडून पुढे सरकते आणि मागे जायला वाट होते. तिसऱ्या रांगेत मध्यम उंचीचा मोठा माणूस दोन-तीन तास बसू शकतो. गुडघे थोडे वर येतात. सगळ्या सीट वापरात असताना डिकी २०९ लिटरची, मागची रांग पाडली की ५५०. २०२५ मध्ये सहा एअरबॅग सगळ्या प्रकारांत आल्या आणि तिसऱ्या रांगेच्या हवेचीही वेगळी सोय झाली. ही सोय आपल्या बजेटच्या प्रकारात आहे का, हे गाडीत बसूनच पाहावं. जीएसटीनंतरची सुरुवात पावणेनऊ लाखांच्या पुढे. टोयोटाच्या शोरूममधली रुमियन म्हणजे हीच गाडी. अर्टिगाला वेटिंग असेल तेव्हा तिकडे चौकशी जरूर करावी. सहा सीटांची एक्सएल६ मधल्या रांगेत दोन ऐसपैस खुर्च्या देते, पण एक माणूस कमी करून जास्त पैसे मोजायचे, हे मोठ्या घराला परवडत नाही.

*कॅरेन्स.* फेब्रुवारी २०२२ मध्ये आल्या दिवसापासून कियाने हिच्या सगळ्या प्रकारांत सहा एअरबॅग दिल्या. तेव्हा या किमतीत तसं कुणी देत नव्हतं. मधली सीट बटण दाबताच विजेवर दुमडते, आणि मागे चढणाऱ्या वयस्कर माणसाला त्याचा मोठा आधार होतो. हीदेखील सोय कुठल्या प्रकारापासून मिळते ते विचारावं. तिसऱ्या रांगेची बैठक या आढाव्यातली सर्वांत मोकळी. लांबी ४,५४० आणि रुंदी १,८०० मिलिमीटर, तेव्हा पार्किंग आधी मोजावं. किंमत जीएसटीनंतर अकरा लाखांच्या आसपास सुरू होते आणि मनासारखी गाडी दारात येईपर्यंत चौदा-पंधरा लाखांवर जाते.

*बोलेरो.* मुरबाड-शहापूरकडे शेती असलेल्यांची आवडती, आणि खडबडीत रस्त्यावर तिला तोड नाही. पण तिच्या मागच्या दोन सीट आडव्या आहेत, भिंतीला पाठ लावून समोरासमोर बसायच्या. घाटात मुलांना तिथे मळमळतं, आणि अपघातात ती जागा सर्वांत असुरक्षित. गावच्या कामाला ती उत्तम आहे. सात जणांच्या कुटुंबाची गाडी म्हणून मी ती सुचवणार नाही.

विजेवर चालणाऱ्या सात सीटांच्या गाड्यांपैकी कियाची कॅरेन्स क्लॅव्हिस ईव्ही जुलै २०२५ मध्ये अठरा लाखांच्या जवळ सुरू झाली. परवडणारी म्हणण्याजोगी ती अजून नाही. सोसायटीने चार्जिंगला परवानगी दिली आहे का, हा प्रश्न त्याच्याही आधीचा.

सीएनजी घ्यावा का?

या पट्ट्यात जो भेटेल तो ‘सीएनजीच घ्या’ म्हणतो. तो सल्ला ऐकण्याआधी कागद-पेन घ्यावं. पेट्रोल लिटरला १०४ रुपये आणि गाव-शहर मिळून अर्टिगाचं ॲव्हरेज १४ धरू. सीएनजी किलोला ८० रुपये आणि ॲव्हरेज २० धरू. पेट्रोलवर किलोमीटरला साधारण सात रुपये चाळीस पैसे पडतात, सीएनजीवर चार रुपये. महिन्याला हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीचे ३,४०० रुपये वाचतात. सीएनजी मॉडेलसाठी जास्तीचे नव्वद-पंच्याण्णव हजार मोजले असतील तर सव्वादोन-अडीच वर्षांत ते वसूल होतात. पण महिन्याला चारशेच किलोमीटर चालणाऱ्या गाडीची बचत १,३६० रुपये. तिथे तेच पैसे फिटायला साडेपाच-सहा वर्षं जातात.

आणि पैशाखेरीज किंमत द्यावी लागते ती जागेची. अर्टिगा सीएनजीत सिलिंडर तिसऱ्या रांगेच्या मागे, डिकीतच असतो. सात माणसं बसल्यावर बॅगा ठेवायला जागा उरत नाही. टपावर कॅरिअर लावा किंवा सामान मांडीवर घ्या. गणपतीला कोकणात जाणारं कुटुंब रांगेत उभं राहून गॅस भरतं आणि त्याच गाडीत पाय अवघडून बारा तास बसतं, तेव्हा वाचलेले पैसे महाग पडलेले असतात. उल्हासनगरच्या व्यापाऱ्याने सीएनजी घ्यावा. लोकलने कामाला जाणाऱ्या बदलापूरकराने पेट्रोल घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. सीएनजी घेतलाच तर दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट चुकवू नये.

पट्टा मागेही लावायचा असतो

४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. गाडी महागडी होती, सुरक्षित म्हणून नावाजलेली होती. मागे बसणाऱ्यालाही पट्टा बंधनकारक आहे आणि न लावल्यास हजार रुपये दंड आहे. तरीही आपल्याकडे सीट कव्हर शिवून घेताना मागच्या पट्ट्यांची बकलं आत दाबून टाकतात. कव्हर बसवून घेताना समोर उभं राहावं आणि सातही बकलं बाहेर आहेत ना, हे एकेक लावून पाहावं.

क्रॅश टेस्टचे तारे समजून घ्यावेत. ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत अर्टिगाला २०१९ मध्ये तीन तारे होते. नियम कडक झाल्यावर २०२४ मध्ये आफ्रिकेच्या बाजारासाठी भारतात बनलेल्या अर्टिगाला एकच तारा मिळाला. ट्रायबरला २०२१ मध्ये मोठ्यांच्या सुरक्षेसाठी चार तारे होते. तिच्याही आफ्रिकेसाठीच्या गाडीला नव्या नियमांत दोन मिळाले. कॅरेन्सला २०२२ मध्ये तीन, मराझोला २०१८ मध्ये चार. वेगवेगळ्या वर्षांच्या ताऱ्यांची तुलना होत नाही, आणि अर्टिगा-ट्रायबरच्या या चाचण्या सहा एअरबॅग येण्यापूर्वीच्या आहेत. भारत एनकॅप १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालं आहे. बुकिंगच्या आधी आपल्या मॉडेलचा ताजा निकाल बघून घ्यावा. आणि कुठलाही तारा सात सीटांत दहा जण कोंबलेल्यांना वाचवत नाही.

सेकंड हँड: स्वस्त आणि सावध

सहा-सात लाखांत तीन-चार वर्षांची अर्टिगा घेणं हा शहाणपणाचा सौदा ठरू शकतो. तेवढ्याच पैशात मराझोही मिळते. ती अधिक प्रशस्त आहे, पण बंद पडलेल्या मॉडेलचे पार्ट कुठे मिळतील, हे आधी विचारून ठेवावं. अर्टिगाच्या बाबतीत पहिला संशय टॅक्सीचा घ्यावा. पिवळ्या पाटीची गाडी खासगी करून विकायला येते. आरसीचा पूर्वेतिहास त्यासाठीच पाहायचा. गाडीवर बँकेचा बोजा असेल तर एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, थकलेली ई-चलनं, पीयूसी, आणि एप्रिल २०१९ पूर्वीची गाडी असेल तर हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, हे सगळं व्यवहाराच्या दिवशीच मिटवावं.

आपल्या भागात याहून मोठी तपासणी पाण्याची. २६ जुलै २००५ चा पूर इथे अजून आठवतो. २७ जुलै २०१९ ला उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान अडकली आणि हजाराहून जास्त प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. अशा पावसात बिल्डिंगखाली उभ्या गाड्याही बुडतात आणि पुसून-धुऊन विकायला येतात. त्या ओळखायच्या तर मागच्या सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढावा. आत गुंडाळून राहिलेला भाग कुणी धूत नाही; तिथे मातकट रेघ दिसली की समजावं. पायातलं मॅटिंग उचलून खालच्या फोमला हात लावावा, वास घ्यावा. सीट ज्या पट्टीवर सरकते तिच्या स्क्रूंना गंज आहे का, ते बॅटरीच्या उजेडात पाहावं. स्टेपनीच्या खाचेत चिखलाचा थर उरलेला असतो. एवढं पाहायला वीस मिनिटं पुरतात आणि त्यात लाखाचं नुकसान टळतं.

नवी गाडी घेणाऱ्यांनीही इन्शुरन्समध्ये इंजिन प्रोटेक्शन घ्यावं. साध्या पॉलिसीत इंजिनात पाणी शिरून झालेलं नुकसान बहुधा मिळत नाही. आणि बुडालेली गाडी चालू करून पाहू नये. टो करून न्यावी.

पार्किंग आणि हप्ता

शोरूमला जाण्याआधी टेप घेऊन बिल्डिंगखाली जावं. दोन खांबांमधलं अंतर, आणि गाडी उभी केल्यावर दोन्ही बाजूंची दारं किती उघडतील, हे मोजावं. अर्टिगा १,७३५ मिलिमीटर रुंद आहे. दार निम्मं उघडायचं तरी प्रत्येक बाजूला दोन फूट हवेत, नाहीतर आजीला गेटबाहेर उभं राहून गाडीत बसावं लागेल. नव्या कॉम्प्लेक्समध्ये स्टॅक पार्किंग असेल तर लिफ्टची लांबी, उंची आणि वजनाची मर्यादा बिल्डरकडून लेखी घ्यावी.

कर्जाचंही तसंच. आठ लाखांचं कर्ज नऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता सुमारे १६,६०० रुपये आणि एकूण व्याज दोन लाखांच्या किंचित आत. तेच सात वर्षांवर नेलं की हप्ता १२,९०० च्या आत येतो, पण व्याज २ लाख ८० हजारांवर जातं. हप्ता हलका करण्यासाठी जवळपास पंच्याऐंशी हजार जास्त मोजायचे. घराचा हप्ता आधीच चालू असलेल्यांनी मुदत वाढवण्यापेक्षा एक प्रकार खालचं मॉडेल घ्यावं. आणि हप्ता सुटावा म्हणून पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने देण्याचा विचार कुणी सुचवला तर तो तिथेच सोडून द्यावा. ते बेकायदा आहे, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते.

मग कोणती?

आधी महिन्याचा हिशेब मांडा. पाचापेक्षा जास्त माणसं गाडीत बसायचे प्रसंग महिन्यातून एकदाही येत नसतील, तर पाच सीटांची चांगली गाडी घ्या आणि गणपतीला अर्टिगा भाड्याने करा. त्यात कमीपणा काही नाही, पैसे मात्र वाचतात.

घरात चार-पाच माणसं आणि आजी-आजोबा येऊन-जाऊन असतील, गाव घाटापलीकडे नसेल आणि ऑन-रोड बजेट आठ-नऊ लाखांचं असेल, तर ट्रायबरचा मधला प्रकार, पेट्रोलवर. सहा-सात माणसं कायमची घरात आणि दरवर्षी घाट चढायचा, तर पेट्रोल अर्टिगा. नवी जमत नसेल तर पहिल्या मालकाची, तीन-चार वर्षांची. रोज धंद्याला चालणारी गाडी असेल तर ईको किंवा सीएनजी अर्टिगा. चौदा-पंधरा लाख हाताशी असतील आणि घरात गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं माणूस असेल, तर कॅरेन्स.

टेस्ट ड्राइव्हला घरातला सर्वांत वयस्कर माणूस आणि सर्वांत लहान मूल बरोबर न्या. त्यांना तिसऱ्या रांगेत बसवा, दुपारी बाराच्या उन्हात एसी लावा, आणि अर्धा तास गाडी फिरवा. सेल्समनला पुढच्या स्क्रीनबद्दल बोलू द्या; तुम्ही मागून काय ऐकू येतं तिकडे लक्ष द्या.

एक मागणी आपण गिऱ्हाईक म्हणून केलीच पाहिजे. सहा एअरबॅग आता सगळ्या प्रकारांत मिळू लागल्या, कारण सरकारने धोशा लावला आणि लोकांनी विचारायला सुरुवात केली. तिसऱ्या रांगेची हवा अजूनही काही गाड्यांत वरच्या मॉडेलची चैन आहे. सर्वांत कमी पैसे देऊ शकणाऱ्या घरातले म्हातारे आणि मुलं उकाड्यात बसावीत, असं कुठल्याही कंपनीच्या हिशेबाने ठरू नये. प्रत्येक शोरूममध्ये, बेस मॉडेलसमोर उभं राहून, हा प्रश्न मोठ्याने विचारा आणि बुकिंगच्या फॉर्मवर लिहून द्या. कल्याणपासून कर्जतपर्यंत शेकडो कुटुंबांनी तो विचारला, तर पुढच्या मॉडेलमध्ये त्याचं उत्तर आल्याशिवाय राहणार नाही.